नाव आणि जागा : 'निटिंग फॅक्टरी'च्या विस्ताराविषयी काही विचार

एखाद्या संगीतगृहाचा इतिहास लिहिणारा बहुधा एक सोयीस्कर समजूत मनाशी धरून लिहीत असतो. ती अशी की, जागेचा इतिहास म्हणजेच त्या जागेत जन्मलेल्या कलेचा इतिहास होय. वाडा मोठा झाला की घराणे मोठे झाले असे आपण व्यवहारात समजतो, त्यातलाच हा प्रकार. न्यूयॉर्क शहरातील 'निटिंग फॅक्टरी' ह्या प्रायोगिक संगीताच्या नाइटक्लबाविषयी जे लिहिले-बोलले गेले आहे त्यात ही समजूत पदोपदी आढळते, आणि तिच्यापोटीच एक ठरीव कथाही जन्माला आली आहे. आरंभी एक पडकी खोली होती, तेथे निर्धन पण निष्ठावंत वादक जमत. पुढे मालकाला विस्ताराचा मोह झाला, क्लब मोठ्या इमारतीत गेला, मग दुसऱ्या शहरात गेला, आणि जाता जाता त्याचा आत्मा हरपला. ही कथा खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यातील घटना बव्हंशी खऱ्या आहेत. परंतु त्या घटनांची संगती लावण्याची तिची रीत सदोष आहे, कारण ती विस्ताराला बाहेरून आलेली व्याधी मानते. प्रस्तुत लेखकाच्या मते विस्ताराची बीजे पहिल्या खोलीतच होती; किंबहुना तशी ती नसती तर ती खोली एका मोसमाहून अधिक टिकलीही नसती. प्रश्न विस्तार झाला की नाही हा नसून, कशाचा झाला हा आहे.

प्रथम घटनाक्रम. मायकेल डॉर्फ हा विस्कॉन्सिन राज्यातून आलेला पंचविशीतील तरुण. संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला नव्हे, तर एका रॉक-वाद्यवृंदाची व्यवस्था पाहणारा आणि लहानशी ध्वनिमुद्रण-संस्था चालवू पाहणारा. त्याने आणि लुई स्पिट्झर ह्या त्याच्या मित्राने १९८७ च्या आरंभी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ४७ ईस्ट हाउस्टन स्ट्रीट येथे, एक जागा भाड्याने घेतली. (ह्या रस्त्याचा उच्चार न्यूयॉर्कवासी 'हाउस्टन' असा करतात, टेक्सासमधील शहराप्रमाणे 'ह्यूस्टन' असा करणारा परका म्हणून तत्काळ ओळखला जातो.) तेथे पूर्वी 'ॲव्हॉन' ह्या प्रसाधने विकणाऱ्या कंपनीची कचेरी होती. बॉब ॲपेल हा तिसरा भागीदार लवकरच त्यांना येऊन मिळाला. मूळ कल्पना चित्रे मांडावी, चहा-कॉफी द्यावी, काव्यवाचन व्हावे, मधूनमधून वादन व्हावे, अशी संमिश्र होती. 'विणकामाचा कारखाना' हे नाव तिला शोभणारेच होते. परंतु थोड्याच काळात इतर धागे मागे पडले आणि संगीताचा धागा वर आला. १९९४ मध्ये क्लब ७४ लेनर्ड स्ट्रीट येथे, ट्रायबेका ह्या भागात, पुष्कळ मोठ्या इमारतीत गेला. २००० साली लॉस अँजेलिसमध्ये हॉलीवूड बुलेव्हार्डवर दुसरी शाखा उघडली. २००२ च्या सुमारास डॉर्फ बाहेर पडला. २००६ मध्ये आयडाहोमधील बॉइझी आणि वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथील दोन तयार सभागृहांना 'निटिंग फॅक्टरी' हे नाव देण्यात आले. २००८ च्या अखेरीस लेनर्ड स्ट्रीट सुटले, २००९ मध्ये हॉलीवूडची शाखा मिटली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची शाखा ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग येथे पुनः सुरू झाली. ती २०२२ मध्ये बंद पडली. पुढल्या वर्षी ते नाव पुनः मॅनहॅटनमध्ये, ॲव्हेन्यू ए वर, जेथे पूर्वी 'पिरॅमिड क्लब' होता त्या वास्तूत दिसले.

हा क्रम वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या सात वर्षांत जागा एक आणि संगीत नाना प्रकारचे होते. पुढे जागा नाना झाल्या. पण ह्या निरीक्षणावर फार भर देण्यापूर्वी १९८७ पूर्वीची स्थिती पाहणे अवश्य आहे, कारण ती ध्यानात घेतल्याखेरीज डॉर्फच्या खोलीचे वेगळेपण कळत नाही.

मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील प्रायोगिक संगीत हे दीर्घकाळ क्लबांतले नव्हतेच. ते माळ्यांवरचे होते. कारखाने शहराबाहेर गेल्यामुळे ओस पडलेले मोठमोठे माळे कलावंतांनी अल्प भाड्याने घेतले आणि तेथेच राहून तेथेच मैफली केल्या. १९६०-६१ च्या हिवाळ्यात चेंबर्स स्ट्रीटवरील योको ओनोच्या माळ्यावर ला माँट यंग ह्याने जी मैफलींची मालिका योजली ती ह्या परंपरेच्या मुळाशी आहे. हाच ला माँट यंग पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे, म्हणजे किराना घराण्याचे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे जे घराणे महाराष्ट्राला घरचे वाटते, त्याचा स्वरविचार त्या माळ्यांपर्यंत अशा रीतीने पोचला होता, हे जाता जाता नमूद करतो. सत्तरीत सॅम रिव्हर्स ह्या सॅक्सोफोनवादकाने पत्नी बी हिच्यासह बाँड स्ट्रीटवर 'स्टुडिओ रिव्हबी' चालविला. रशीद अली ह्या तालवादकाचे 'अलीज ॲली' ग्रीन स्ट्रीटवर होते. १९७१ मध्ये स्टाइना आणि वुडी व्हासुल्का ह्या दांपत्याने एका जुन्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात 'द किचन' सुरू केले; १९७८ मध्ये 'रूलेट' आले. ह्यांपैकी काही वादकांनी स्वतः चालविलेली घरे होती, काही पुढे अनुदानावर चालणाऱ्या संस्था झाल्या. दोहोंतही एक साम्य होते. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर ती उभी नव्हती.

येथेच डॉर्फचे खरे नावीन्य आहे, आणि ते संगीतविषयक नसून व्यवस्थाविषयक आहे. माळ्यावरील संगीत त्याने रस्त्यावरच्या दारात आणले. अनुदानासाठी अर्ज न करता, ज्या रॉक क्लबांच्या धर्तीवर बावरी रस्त्यावरचा 'सीबीजीबी' १९७३ पासून चालत होता, त्या धर्तीवर त्याने स्वैर जॅझ, तत्क्षणरचित संगीत आणि ध्वनिप्रयोग ह्यांना रोज रात्री स्थान दिले. दारावर तिकीट, आत पेय, वादकाला दारावरील जमेचा वाटा, असा हा सरळ हिशेब होता. वेन हॉर्विट्झ हा कळफलकवादक आरंभीच्या दिवसांत कार्यक्रमांची जुळवाजुळव करण्यात पुढे होता. जॉन झॉर्न, बिल फ्रिझेल ह्यांसारखे त्याचे सहकारी त्यामुळे आपोआपच आले. म्हणजे संगीत जागेने निर्माण केले नाही. ते अगोदरच शहरात होते, आणि विशेष म्हणजे त्या सुमारास बेघर होते. सत्तरीतील बहुतेक माळे भाडेवाढीपुढे मिटले होते.

कायद्याची एक बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. तिच्याकडे संगीताचे इतिहासकार सहसा लक्ष देत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून 'कॅबरे कायदा' होता. त्याच्या पुढील रूपानुसार, विशेष परवाना नसलेल्या उपाहारगृहात तीनांहून अधिक वादकांनी एकत्र वाजविणे निषिद्ध होते, आणि त्या तिघांतही तालवाद्ये व फुंकवाद्ये चालत नसत. पियानो, तंतुवाद्य असली 'सौम्य' वाद्येच तेवढी क्षम्य होती. जॅझच्या मुख्य वाद्यांवरच हा रोख होता हे सांगावयास नको. वादकांनी ह्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. आधी वाद्यांवरील निर्बंध गेला आणि १९८८ मध्ये वादकांच्या संख्येवरील मर्यादाही घटनाबाह्य ठरली. (नृत्याविषयीचा उरलेला कायदा तब्बल २०१७ पर्यंत रद्द झाला नाही.) निटिंग फॅक्टरीचा उदय नेमका ह्या संधिकालात झाला. लहान खोलीत मोठा मेळ बसविणे हे जे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, ते केवळ मालकाच्या धाडसाचे फळ नव्हे. कायद्याच्या सैल होत चाललेल्या पकडीचेही ते फळ आहे.

आता विस्ताराकडे वळू. विस्तार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इमारती येतात. परंतु निटिंग फॅक्टरीचा पहिला विस्तार इमारतींचा नव्हता. तो ध्वनिफितींचा होता, आणि तो दोनच वर्षांत सुरू झाला. क्लबात होणारे वादन ध्वनिमुद्रित केले जाई. त्यातून निवडलेल्या तुकड्यांचे 'लाइव्ह ॲट द निटिंग फॅक्टरी' ह्या नावाचे खंड १९८९ पासून 'ए अँड एम' ह्या मोठ्या कंपनीकडून प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षी ती कंपनी 'पॉलिग्रॅम'ने विकत घेतली, ही गोष्ट कालखंडाची कल्पना येण्यास पुरेशी आहे. पुढे 'निटिंग फॅक्टरी वर्क्स' ही क्लबाची स्वतःची मुद्रा आली. १९९२ मध्ये तर डॉर्फने 'निटिंग म्यूझिक' ह्या नावाने क्लबाच्या पाच वर्षांचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जी संस्था पाच वर्षांची होताच स्वतःचे चरित्र लिहविते, तिला विस्ताराचा मोह नंतर कधीतरी झाला असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे?

ह्या खंडांची तुलना एका पूर्वसूरीशी करण्याजोगी आहे. १९७६ च्या मे महिन्यात स्टुडिओ रिव्हबीमध्ये जी सलग सत्रे झाली त्यांच्या पाच तबकड्या 'वाइल्डफ्लॉवर्स' ह्या नावाने पुढल्या वर्षी निघाल्या. दोन्ही ठिकाणी अनेक मेळांचे एकेक वादन निवडून संग्रह केला आहे. दोन्ही ठिकाणी संग्रहाला जोडणारा धागा म्हणजे जागा. तथापि भेद महत्त्वाचा आहे. 'वाइल्डफ्लॉवर्स'च्या शीर्षकात जागेचे नाव नाही. उपशीर्षक न्यूयॉर्कमधील माळ्यांवरच्या जॅझचे, म्हणजे एका चळवळीचे आहे. निटिंग फॅक्टरीच्या खंडांत मात्र जागेचे नाव हेच शीर्षक आहे. वादक बदलतात, शैली बदलतात, आणि ह्या सर्वांना एकत्र बांधणारी संज्ञा म्हणून क्लबाचे नाव श्रोत्याच्या मनात रुजते. युरोपात ज्याने हाउस्टन स्ट्रीट पाहिलेला नाही, तोही त्या नावाने एका विशिष्ट संगीताची अपेक्षा करू लागतो. हे घडले त्या क्षणी नाव जागेपासून सुटे झाले. पुढे जे बॉइझीला आणि स्पोकॅनला गेले ते हे सुटे झालेले नाव होय. त्याची सुटका १९८९ मध्येच झाली होती.

ध्वनिमुद्रणात प्रायोगिक संगीताचे काय उरते आणि काय गळते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. त्यासाठी एकच उदाहरण घेतो. झॉर्नची 'कोब्रा' ही १९८४ ची रचना. तिला रचना म्हणावे की खेळ, असा संभ्रम पडतो, कारण तिच्यात एकही स्वर लिहिलेला नाही. जे आहे ते नियम. वादक अर्धवर्तुळात बसतात, मध्ये एक सूचक उभा असतो, त्याच्यापाशी निरनिराळ्या खुणांची पत्रे असतात. कोणते पत्र उंचावावे हे तो स्वतः ठरवीत नाही. वादकच त्याला हातवाऱ्याने मागणी करतात, तोंडाला, नाकाला, कानाला, डोळ्याला हात लावून आणि बोटे दाखवून. पत्र खाली आले की सर्वांचे वादन त्या नियमानुसार पालटते. कोणी डोक्याला पट्टी बांधून बंडखोर होतो आणि काही काळ सूचकाच्या आज्ञेबाहेर जातो. इतर त्याला पकडतात, वा त्याला सामील होतात. हे नियम झॉर्नने छापून प्रसिद्ध केले नाहीत. ज्याला 'कोब्रा' सादर करावयाची त्याने ती जाणकाराकडून समजून घ्यावी, असा प्रघात पडला. आपल्याकडील गुरुमुखी विद्येशी ह्याचे साम्य दाखविण्याचा मोह होतो, पण ते फार ताणू नये. कारण गुरुमुखी विद्येत सामग्री दिली जाते आणि येथे सामग्री सोडून बाकी सर्व दिले जाते.

१९९२ मध्ये निटिंग फॅक्टरीत दर महिन्याला 'कोब्रा' होत असे, प्रत्येक वेळी वेगळ्या वादकसमूहाकडून. त्या वर्षीच्या प्रयोगांतून निवडलेली एक ध्वनिमुद्रिका १९९५ मध्ये क्लबाच्या मुद्रेने प्रसिद्ध झाली. ती ऐकताना श्रोत्याला अचानक तुटणारे, जोडले जाणारे, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे फेकले जाणारे नादखंड ऐकू येतात. ते मनोरंजक आहेत, पुष्कळदा विनोदीही. पण कोणी मागणी केली, सूचकाने ती मानली की नाकारली, बंडखोराला कोणी पकडले, हे काहीच ऐकू येत नाही. म्हणजे रचना ज्यात आहे तेच नेमके मुद्रिकेत नाही. मुद्रिकेत रचनेचा परिणाम आहे. हाउस्टन स्ट्रीटवरील त्या खोलीत पहिल्या रांगेतला प्रेक्षक हात आणि पत्रे पाहू शकत होता, आणि त्या जवळिकीमुळेच त्याला संगीताची संगती लागत होती. 'कोब्रा'ला श्रोता पुरत नाही, प्रेक्षक लागतो. लहान जागेचे कलात्मक मूल्य असते ते अशा प्रकारचे. गरिबी वा निष्ठा ह्यांच्याशी त्याचा संबंध नसून दृष्टीच्या टप्प्याशी आहे. लहान जागेची स्तुती करणारे लेखक बहुतेक वेळा भावनेची भाषा वापरतात. अंतराची भाषा वापरली असती तर त्यांचे म्हणणे अधिक बळकट झाले असते.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण चार्ल्स गेल ह्याचे. हा सॅक्सोफोनवादक अनेक वर्षे बेघर अवस्थेत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि भुयारी रेल्वेच्या फलाटांवर वाजवीत असे. त्याचे वादन प्रखर, सुरावटीचा आधार जवळजवळ न घेणारे, धर्मवेडाच्या सीमेवरचे होते. अशा वादकाला निटिंग फॅक्टरीने नियमित रात्र दिली, आणि १९९२ मध्ये तेथील वादनाची 'रिपेंट' ही मुद्रिका स्वतः प्रसिद्ध केली. गेल २०२३ मध्ये वारला तेव्हा त्याचे स्थान स्वैर जॅझच्या इतिहासात निर्विवाद झाले होते. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या निवड-समितीपुढे हा माणूस अर्ज घेऊन उभा राहिला असता असे मला वाटत नाही. गाळ्याचे भाडे भागविण्यासाठी आठवड्याच्या सातही रात्री भरणे ज्याला प्राप्त आहे, अशा व्यवसायी मालकाच्या खोलीतच त्याला दार उघडे मिळाले. व्यापार आणि प्रयोग हे परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरून बसलेल्या समीक्षकाने गेलच्या चरित्राचा हा दुवा कसा लावावा, हे त्याचे त्यानेच पाहावे.

१९९४ च्या स्थलांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी थोडक्यात लिहितो. लेनर्ड स्ट्रीटच्या इमारतीत मुख्य सभागृहाखेरीज 'ऑल्टरनिट थिएटर', 'ओल्ड ऑफिस' अशी लहान दालने होती, मद्यालय वेगळे होते. एकाच रात्री खाली रॉक, वर काव्यवाचन, बाजूला एकटा वादक, असे होऊ शके. कागदावर ही योजना निर्दोष दिसते. मोठ्या दालनाने पैसा मिळवावा आणि लहान दालनाने धोका पत्करावा, हा अंतर्गत अनुदानाचाच एक प्रकार झाला. परंतु त्यात एक गोम आहे. हाउस्टन स्ट्रीटवर जो श्रोता अनोळखी संगीत ऐके तो दुसरे काही ऐकण्यास नसल्यामुळे ऐके. अनेक दालनांच्या इमारतीत तो आपल्या आवडीच्या दालनात जातो. धागे एकत्र विणण्याचा जो दावा नावातच होता, तो इमारतीच्या रचनेनेच उसवला गेला. प्रयोग थांबला नाही. त्याला एक खोली मिळाली. खोली मिळणे हीच त्याची अडचण झाली.

ह्यानंतरचा काळ दुहेरी आहे आणि येथेच इतिहासकाराची खरी कसोटी आहे. एकीकडे नाव पश्चिमेकडे चालले होते. हॉलीवूडची शाखा उघडली ती महाजालाच्या तेजीच्या काळात; सर्व शहरांतील मैफली एकमेकींस जोडाव्यात आणि जगभर ऐकवाव्यात हे डॉर्फचे स्वप्न होते. त्या तेजीची घसरण २००० मध्येच सुरू झाली. २००१ च्या ११ सप्टेंबर रोजी जे घडले त्यानंतर लेनर्ड स्ट्रीटचा सारा परिसर, वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, काही काळ नागरिकांना बंद होता. रात्रीच्या व्यवसायाची काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना करता येते. पुढील चालकांनी हाती असलेली सर्वांत किमती वस्तू, म्हणजे नाव, वापरले. बॉइझी आणि स्पोकॅन येथील प्रशस्त सभागृहे फिरत्या रॉक-मेळांच्या मार्गावरची होती, आणि त्या गावांना तशा सभागृहांचा उपयोग होता. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. एवढेच की, तेथे निटिंग फॅक्टरी ही संज्ञा प्रायोगिक संगीताचा निर्देश करीत नव्हती. ध्वनिमुद्रण-संस्थेचेही असेच झाले. २००९ पासून तिने जे मोलाचे काम केले ते लागोसच्या फेला कुटीच्या जुन्या मुद्रिका पुनः प्रकाशात आणण्याचे. ज्याने स्वतःच्या क्लबाला 'श्राइन' म्हणजे देवस्थान म्हटले, त्याचा ठेवा एका भटक्या क्लबाच्या नावाने जगापुढे यावा, ह्यात इतिहासाचा काही खेळ आहे.

दुसरीकडे वादक निराळ्या दिशेने चालले होते. झॉर्नने १९९५ मध्ये 'झादिक' ही स्वतःची ध्वनिमुद्रण-संस्था काढली आणि पुढे निटिंग फॅक्टरीकडे पाठ फिरविली. १९९८ मध्ये नॉरफोक स्ट्रीटवर, यहुदी विधीची मद्ये जेथे पूर्वी तयार होत त्या इमारतीत, 'टॉनिक' उघडला. तेथील आरंभीचे कार्यक्रम झॉर्ननेच योजले. ती जागा २००७ च्या एप्रिलमध्ये भाड्यापायी बंद पडली तेव्हा गिटारवादक मार्क रिबो निषेध म्हणून वाजवीतच राहिला आणि पोलिसांनी त्याला धरून नेले. तत्पूर्वी २००५ मध्ये झॉर्नने ॲव्हेन्यू सी आणि सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 'द स्टोन' सुरू केला होता. त्याची घटना वाचली की ती निटिंग फॅक्टरीच्या प्रत्येक कलमाला दिलेले उत्तर आहे असे वाटते. तेथे पेय नाही, खाद्य नाही. दारावरील सर्व रक्कम वादकांची. कार्यक्रमांची निवड आरंभीच्या काळात मालक करीत नसे, वादकच पाळीपाळीने करीत. २०१८ मध्ये तो 'न्यू स्कूल' ह्या विद्यापीठाच्या आश्रयास गेला.

रूढ इतिहास येथे म्हणेल की, विस्तार पावलेले नाव रिकामे झाले आणि न वाढलेला 'स्टोन' शुद्ध राहिला. मला ही वाटणी मान्य नाही. 'टॉनिक' आणि 'स्टोन' हेही हाउस्टन स्ट्रीटचेच विस्तार आहेत, फक्त ते नावाने झाले नाहीत, माणसांनी झाले. तेथे जमलेला श्रोतृवर्ग हाउस्टन आणि लेनर्ड स्ट्रीटवर घडला होता. वादकांची एकमेकांशी जुळलेली सवयही तेथलीच. दर महिन्याला निरनिराळ्या समूहांकडून 'कोब्रा' होत असल्याने शहरातील पन्नासेक वादक एकमेकांच्या खुणा ओळखू लागले, ही गोष्ट कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात दिसणार नाही. शिवाय 'स्टोन'ची शुद्धता ज्या आर्थिक पायावर उभी होती तोही डोळ्यांआड करू नये. भाडे भागविण्यासाठी तेथे खास ध्वनिमुद्रिका विकल्या जात आणि साहाय्यार्थ मैफली होत. त्या विकल्या जात त्या झॉर्नच्या नावावर. म्हणजे येथेही नावच जागा चालवीत होते. भेद इतकाच की, ते नाव वादकाचे होते आणि त्याचे हस्तांतर करता येत नव्हते. जे विकता येत नाही ते वारशानेही मिळत नाही. 'स्टोन'ला शेवटी विद्यापीठाचे छप्पर घ्यावे लागले हे त्याच्या पराभवाचे लक्षण नसले, तरी स्वयंपूर्णतेचे लक्षण खचितच नाही.

डॉर्फच्या पुढील उद्योगाचा उल्लेख ह्या संदर्भात उद्बोधक ठरतो. २००८ च्या अखेरीस त्याने न्यूयॉर्कमध्येच 'सिटी वाइनरी' काढली. तेथे द्राक्षमद्य तयार होते, भोजन मिळते, आणि बसून संगीत ऐकता येते. ती पुढे शिकागो, नॅशव्हिल अशा अनेक शहरांत पसरली. एकाच माणसाचा एक विस्तार फसला आणि दुसरा साधला. ह्याचे कारण मला असे दिसते की, सिटी वाइनरीत जे नेले ते खरोखरच नेण्याजोगे होते. मेज, पेला, पिंप आणि परिचित गायक ही कोणत्याही शहरात मांडता येतात. निटिंग फॅक्टरीत जे मोलाचे होते ते एका शहराच्या एका भागात, चालत जाता येईल अशा अंतरावर राहणारे वादक, त्यांची स्वस्त घरे, नुकताच सैल झालेला कायदा आणि एक रिकामी कचेरी, ह्यांच्या योगायोगात होते. योगायोगाची शाखा उघडता येत नाही. आणि त्यातील घरे व कचेरी ह्यांचे भाडे वाढले तसा तो योगायोग मूळ ठिकाणीही मोडला. मालक कितीही निर्मोही असता तरी मोडलाच असता.

संशोधनाच्या दृष्टीने ह्यातून एक अडचण उभी राहते, आणि ह्या विभागातील विद्यार्थ्यांनी ती लक्षात ठेवावी म्हणून लिहितो. जी संस्था स्वतःचे ध्वनिमुद्रण करते, स्वतःचा ग्रंथ काढते आणि स्वतःचे नाव शीर्षकात घालते, तिच्याविषयीची साधने विपुल असतात. माळ्यांवरील मैफलींविषयी, जेथे कोणी काही लिहून ठेवले नाही, साधने विरळ असतात. परिणामी ऐंशीच्या उत्तरार्धातील मॅनहॅटनचे सारे प्रायोगिक संगीत निटिंग फॅक्टरीत घडले असा भास होतो. तामार बार्झेल हिचा २०१५ मधील ग्रंथ ह्या दृष्टीने उपयुक्त आहे. झॉर्नप्रभृतींच्या यहुदी संगीतविषयक प्रयोगांचा, म्हणजे १९९२ मध्ये आधी म्यूनिकला आणि मग निटिंग फॅक्टरीत झालेल्या महोत्सवांपासूनच्या घडामोडींचा, मागोवा घेताना तिने क्लबाला नायक न करता वादकांना केले आहे. जागेचा इतिहास लिहितानाही हीच दिशा ठेवावी असे मला वाटते, जरी तीत कष्ट अधिक आहेत.

झॉर्नच्या 'नेकेड सिटी' ह्या मेळाने १९८९ मध्ये हाउस्टन स्ट्रीटवर केलेले वादन तेरा वर्षे अप्रकाशित राहिले होते. ते २००२ मध्ये, म्हणजे डॉर्फ क्लबातून बाहेर पडला त्याच सुमारास, 'झादिक'ने प्रसिद्ध केले. वादकाच्या स्वतःच्या संस्थेने काढलेल्या त्या तबकडीच्या शीर्षकातही जागेचे नाव आहेच. परंतु त्याच्यापुढे सालही आहे : निटिंग फॅक्टरी, १९८९.